मिस व्हर्नेल यांचं दार

इव्हेट मॉसला मिस व्हर्नेल पहिल्यांदा दिसल्या तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि दिसला तो फक्त एक हात. पांढरा सुती हातमोजा घातलेला, तळहातावर कागदी रुमाल उघडून धरलेला. रविवारची प्रार्थना चालू होती. पास्टरांनी डोळे मिटले होते, आणि तिसऱ्या बाकावर आईच्या आडोशाला बसून इव्हेट च्युइंगम चघळत होती. तो हात तिच्या हनुवटीखाली येऊन थांबला. तिने चघळणं थांबवलं. हात हलला नाही. तिने आईकडे पाहिलं, तर आई मोठ्या भक्तिभावाने दुसरीकडे बघत होती. शेवटी इव्हेटने च्युइंगम रुमालात टाकलं. रुमाल मिटला आणि हात गेला. तिने मान वर केली तेव्हा पांढऱ्या पोशाखातल्या एक उंच, सडसडीत बाई बाजूच्या वाटेने दाराकडे परत चालल्या होत्या. डावा हात पाठीशी दुमडलेला आणि बुटांचा जरासुद्धा आवाज नाही.

प्रार्थना संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर त्याच बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"चव संपली होती ना त्यातली?"

"हो, मॅडम."

"मग टाकायला एवढा वेळ का लावलास?"

"हात बघू तुझा."

आता फटका बसणार असं तिला वाटलं. पण बाईंनी आपला तळवा तिच्या तळव्याला लावून पाहिला, बोटांची लांबी मनात धरली आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी पावणेदहाला ये. केस नीट बांधून. आणि तोंड रिकामं ठेवून."

पुढच्या रविवारी तिच्या मापाचे हातमोजे तयार होते.

या बाई म्हणजे व्हर्नेल प्रुइट. लग्न झालेलं असलं तरी तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना आदराने मिस व्हर्नेल म्हणत, आणि चर्चमधली मोठी माणसं सिस्टर प्रुइट. जॉर्जियातल्या बेलफोर्ड गावात, नदीच्या पूर्वेला, शेडी ग्रोव्ह चर्च आहे. तिथल्या दारावरच्या सेवेकरी मंडळाच्या त्या प्रमुख होत्या. आलेल्यांना जागा दाखवायची, उन्हाळ्यात पंखे वाटायचे, गाताना कुणाला भरून आलं तर मागून अलगद धरायचं, ही मंडळाची कामं, आणि ती सगळी एकही शब्द न बोलता, हाताच्या खुणांनी करायची. जितकी बोटं वर, तितक्या जागा रिकाम्या. तळवा छातीवर ठेवला की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं, कारण आत प्रार्थना चालू आहे. हात खाली सोडून तळवा पुढे उघडला की वाट मोकळी, जा. या खुणा इव्हेट पंधरा दिवसांत शिकली. बाकीचं शिकायला वर्षं गेली.

"दारात उभं राहणारा माणूस सगळ्यात खालचा, असं लोकांना वाटतं," मिस व्हर्नेल मुलींना सांगायच्या. "वाटू दे. पास्टरांना लोकांची तोंडं दिसतात, लोकांना पास्टर दिसतात. अख्खी खोली फक्त दारातल्या माणसाला दिसते. कोण आलेलं नाही, तेसुद्धा त्यालाच कळतं."

एक नियम मात्र त्यांना कधी सांगावा लागला नाही. तो मुली घरूनच शिकून यायच्या. मोठ्या माणसाला चारचौघांत खोडून काढायचं नाही. त्याचं चुकलं असेल तर नंतर, बाजूला, हळू आवाजात सांगायचं. तेही सांगावंच लागलं तर.

सोमवार ते शुक्रवार मिस व्हर्नेल शहराच्या पाणी खात्यात असायच्या. अडुसष्ट साली त्या तिथे टंकलेखनाला लागल्या तेव्हा सगळ्या इमारतीत दोनच काळ्या बायका होत्या, आणि दुसरी जिने पुसायची. लॅसिटर नावाच्या गोऱ्या साहेबांची पत्रं त्यांनी नऊ वर्षं टंकून काढली. पुढे कुणी विचारलं, की तुम्हाला कुणी शिकवलं, तर त्या म्हणायच्या, "मिस्टर लॅसिटरनी. त्यांना बिचाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता."

कंत्राटदाराला नकार कसा लिहायचा, नगर परिषदेपुढे दोष कबूल करताना पहिलं वाक्य कोणतं टाकायचं, कोणतं पत्र आजच पाठवायचं आणि कोणतं राग उतरेपर्यंत टेबलात ठेवायचं, हे सगळं त्या टंकता टंकता उचलत गेल्या. मग बिलांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि एक्याण्णव साली उपसंचालक. तिसऱ्या मजल्यावर खोली मिळालेल्या त्या पहिल्याच काळ्या बाई. खोली मिळाली तेव्हा नवऱ्याने, रुफसने, विचारलं, "कसं वाटतंय वर?"

"शांत," त्या म्हणाल्या. "बोलायला कुणी नाहीये."

इव्हेट रसायनशास्त्र शिकून आली ती चौऱ्याण्णव साली. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात, प्रयोगशाळेत, जागा निघणार होती. तिची आई पाउंड केक घेऊन प्रुइटांच्या घरी गेली. मिस व्हर्नेलनी केक ठेवून घेतला, पण शब्द टाकायला नकार दिला.

"मी तिच्यासाठी एक अक्षर बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "अर्ज कधी निघतो ती तारीख सांगते. ती तारीख आपल्या लोकांना कधी कुणी सांगितलीच नाही. एवढंच हवं असतं."

इव्हेटला नोकरी लागली ती तिच्या गुणांवर, आणि खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. दर गुरुवारी संध्याकाळी ती प्रुइटांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. रुफस शाळेची बस चालवायचे आणि गुरुवारी स्वयंपाकही करायचे: मऊ शिजवलेल्या बीन्स, मक्याचा पाव, कोबीची हिरवी पानं. जेवण झालं की मिस व्हर्नेल तिचा आठवड्याचा अहवाल पुढ्यात ओढायच्या आणि लाल पेन्सिल काढायच्या.

"'असे दिसून येते की'. कुणाला दिसून येतं?"

"मला, मिस व्हर्नेल."

"मग तसं लिही. 'मला दिसलं.' डोळे तुझे आहेत ना?"

"हिने माझ्या प्रेमपत्रावरसुद्धा लाल पेन्सिल चालवली होती," रुफस ताटं विसळता विसळता म्हणायचे. "परत लिहून द्यावं लागलं."

"दुसरं चांगलं होतं," मिस व्हर्नेल मान वर न करता म्हणायच्या.

मोठ्या बैठकांना त्या इव्हेटला सोबत न्यायच्या आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवायच्या. बैठकीत कोण काय बोललं, हे त्या परत येताना गाडीत कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच असे: "खोलीत गप्प कोण होतं?" सुरुवातीला इव्हेटला सांगता यायचं नाही. मग यायला लागलं. आणखी काही वर्षांनी, कुणी का गप्प होतं, तेही.

एकदा तिने विचारलं, "तुम्ही माझ्यासाठी एवढं का करता?"

"मी दाराला कान लावून शिकले," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "मान अवघडते. तू आत बसून शीक."

दोन हजार एक साली त्या संचालक झाल्या आणि सगळं पाणी खातं त्यांच्या हाताखाली आलं. इव्हेट तोवर प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती. दोन हजार सातच्या वसंतात एका गुरुवारी जेवण झाल्यावर मिस व्हर्नेलनी पेन्सिल काढलीच नाही.

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. माझी जागा नगर परिषद भरणार, पण नाव मला विचारतील. एकच नाव. ते तुझं असावं, असं मला वाटतं."

इव्हेटने ताटात उरलेल्या बीन्स बाजूला सारल्या.

"असावं म्हणाले," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "अजून दिलेलं नाही. बीन्स खा."

त्यानंतर दोन महिन्यांनी पूर्वेकडची मोठी जलवाहिनी फुटली. गुरुवारी पहाटे रस्त्यात तळं साचलं. दुपारपर्यंत वाहिनी जोडली गेली, पण पाणी उकळूनच प्या असं साऱ्या पूर्व भागाला कळवावं लागलं. लागोपाठ दोन दिवसांचे नमुने स्वच्छ निघाले की उकळणं थांबवायचं, असा नियम. शुक्रवारचे बाराही नमुने स्वच्छ निघाले. शनिवारच्या नमुन्यांचा निकाल रविवारी दुपारी यायचा होता, आणि रविवारी तीन वाजता शाळेच्या व्यायामशाळेत लोकांची सभा ठेवली होती.

निकाल आला तो अडीच वाजता. बारापैकी दोन खराब. दोन्ही कार्व्हर रस्त्यावरचे.

इव्हेटने लगेच फोन लावला. फोन बंद होता. महिन्याचा पहिला रविवार होता. सेवेकरी मंडळ पांढऱ्या पोशाखात चर्चला होतं, आणि चर्चमध्ये फोन बंद हा मिस व्हर्नेल यांचाच नियम. तिथून त्या तडक शाळेत गेल्या असणार आणि फोन पर्समध्ये तसाच राहिला असणार. कागद घेऊन इव्हेट गाडीत बसली. व्यायामशाळेच्या दारात ती पोचली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि व्यासपीठावरून मिस व्हर्नेल म्हणत होत्या, "शुक्रवारचे नमुने स्वच्छ आले. कालचे खराब असते तर आमच्या प्रयोगशाळेने मला एव्हाना शोधून काढलं असतं, एवढी मी माझ्या माणसांना ओळखते. आज संध्याकाळपासून पाणी उकळायची गरज नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दारात उभ्या असलेल्या इव्हेटला अख्खी खोली दिसत होती. पुढच्या रांगेत परिषदेचे दोन सभासद होते आणि वर्तमानपत्राचा माणूस. मधे तिच्या आईच्या मैत्रिणी, तिला बायबल शिकवलेल्या बाई. आणि व्यासपीठावर, चर्चच्या पांढऱ्या पोशाखात, तिला हातमोजे देणारी बाई. इथून ओरडून सांगायचं, की तुम्ही सांगताय ते चूक आहे? संपू दे, तिने ठरवलं, मग बाजूला घेऊन सांगते. एकाने बिलाबद्दल विचारलं, दुसऱ्याने रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल. मिस व्हर्नेल प्रत्येकाला नावाने हाक मारून उत्तर देत होत्या. सभा संपली. लोक हसत, बोलत, इव्हेटच्या अंगावरून बाहेर पडले आणि घरोघर गेले.

मागच्या बोळात तिने कागद पुढे केला. मिस व्हर्नेलनी तो दोनदा वाचला.

"तू किती वाजता आलीस?"

"तीन दहाला."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "चाळीस मिनिटं."

"सगळ्यांसमोर मला तुमचा…"

"माझी लाज राखलीस," मिस व्हर्नेल म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण होतं. "माझी लाज राखलीस आणि कार्व्हर रस्त्यावरच्या पोरांना ते पाणी पाजलंस."

इव्हेट रडायला लागली.

"ते नंतर. गुरुवारी ये आणि रड. आत्ता गाडी काढ."

चर्चच्या तळघरात सेवेकरी मंडळ अजून जेवत होतं. अठरा माणसं, पांढऱ्या पोशाखातली. मिस व्हर्नेल दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी तळवा छातीवर ठेवला. काटे खाली गेले. रेडिओवर आणि खात्याच्या गाड्यांवरून सूचना द्यायचे फोन त्यांनी येता येताच केले होते, पण रविवारी दुपारी रेडिओ ऐकतो कोण? पूर्व भागातलं प्रत्येक दार, आत कोण राहतं, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाकडे तान्हं मूल आहे, हे या मंडळाला पाठ होतं. आजारपणात जेवणाचे डबे पोचवणारे तेच. पंधरा मिनिटांत रस्ते वाटून झाले. आणखी दोन चर्चची मंडळं येऊन मिळाली.

"काय सांगायचं ते ऐका," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "'गोंधळ झाला' म्हणायचं नाही. 'व्हर्नेल प्रुइटनी चूक सांगितलं, पाणी उकळा', असं म्हणायचं." मग त्या इव्हेटकडे वळल्या. "कार्व्हर रस्ता तू आणि मी. उजवी बाजू तुझी. तू तुझं सांगायचंस. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

"प्रत्येक दारात?"

"तुला किती दारांत गप्प बसायचं होतं?"

उजव्या बाजूला एकेचाळीस दारं होती. पहिल्या दारात इव्हेटच्या तोंडून वाक्य निघता निघेना. पाचव्या दारात एका म्हातारीने तिचा गाल थोपटला, ते जास्त जिव्हारी लागलं. समोरच्या बाजूला एझेल गेन्स नावाचे नव्वदीला आलेले गृहस्थ ओसरीत झोपाळ्यावर बसलेले होते. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे स्पष्ट ऐकू येत होता.

"सिस्टर प्रुइट, तीनला म्हणालात प्या. पाचला म्हणताय पिऊ नका. सातला काय, अंघोळ?"

"मी चूक सांगितलं, मिस्टर गेन्स. किती प्यायलात?"

"एक पेला. तोसुद्धा तुम्ही म्हणालात म्हणून. नाहीतर मी पाण्याच्या वाटेला फारसा जात नाही."

"पोट दुखलं तर मला फोन करा."

"आणि नाही दुखलं तर?"

"तरी करा."

एकोणिसाव्या दारात एक विशीतली मुलगी आली. कडेवर तीन महिन्यांचं बाळ, आणि हातात पावडरच्या दुधाची बाटली, नुकतीच हलवलेली, वर फेस आलेला. इव्हेटने विचारलं, "नळाचं?" मुलगी म्हणाली, "हो. तीन दिवस उकळून उकळून जीव गेला, आता सुटले बाई." इव्हेटने हात पुढे केला, तळवा वर करून, आणि तसाच धरून ठेवला. मुलीने बाटली तिच्या हातात दिली. मग इव्हेटने आपलं वाक्य सांगितलं. मुलगी आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

ती बाटली इव्हेटने रस्त्याकडेच्या गवतात ओतली. उरलेल्या बावीस दारांत तिचं वाक्य अडलं नाही.

कुणी आजारी पडलं नाही. मंगळवारी नवी दुरुस्ती झाली, गुरुवारपर्यंत दोन दिवसांचे नमुने स्वच्छ निघाले. पण संचालकपदासाठी आपलं नाव आता जाणार नाही, असं इव्हेटने मनाशी धरलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ती प्रुइटांच्या टेबलाशी जायच्या ऐवजी परिषदेच्या सभागृहात, भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. मिस व्हर्नेल समोर उभ्या होत्या.

"रविवारी मी लोकांना चुकीचं सांगितलं," त्यांनी सुरुवात केली. हे पहिलं वाक्य कुठून आलं ते इव्हेटला ठाऊक होतं. "निकाल हातात नसताना मी बोलले. जबाबदारी माझी आहे."

एका सभासदाने विचारलं, "सभा चालू असताना तुमच्या खात्यात खरा निकाल कुणाला माहीत होता का?"

"खातं माझं आहे," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "जबाबदारी सगळी माझी."

त्या खोटं बोलत नव्हत्या. फक्त दार लोटून घेत होत्या, आणि आत कोण आहे ते इव्हेटला माहीत होतं. ती उठली. खुर्ची सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"ते पूर्ण बरोबर नाही, मिस व्हर्नेल," ती म्हणाली.

सभागृहात अर्धी माणसं पूर्व भागातली होती. त्यांच्यातून एक दबका हुंकार उमटला, चर्चमध्ये कुणी ताडकन उठून निघून गेलं की उमटतो तसा. मिस व्हर्नेल वळल्या. त्यांनी इव्हेटकडे पाहिलं, ती अकरा वर्षांची असताना रुमाल धरून थांबल्या होत्या तितकाच वेळ. मग त्यांचा उजवा हात खाली सुटला आणि तळवा पुढे उघडला.

इव्हेट पुढे गेली आणि तिने सांगितलं. कागद किती वाजता मिळाला, ती किती वाजता पोचली, कुठे उभी होती, किती मिनिटं. "मला माहीत होतं आणि मी बोलले नाही." बेचाळिसाव्यांदा.

तिच्या कागदपत्रांत एक ठपक्याचं पत्र लागलं. मिस व्हर्नेल यांच्याही लागलं, एकोणचाळीस वर्षांतलं पहिलं. ते त्यांनी चौकटीत घालून स्वयंपाकघरात लावावं असं रुफसचं म्हणणं होतं. "निदान एक तरी कागद असा असेल, ज्यावर तुझी पेन्सिल चालणार नाही," ते म्हणाले.

पुढच्या गुरुवारी इव्हेट टेबलाशी आली ती निरोप घ्यायच्या तयारीने. "माझं नाव देऊ नका," ती म्हणाली. "मला समजेल."

"तुला काय समजेल?" मिस व्हर्नेलनी तिच्या ताटात मक्याचा पाव ठेवला. "चोवीस वर्षं मी तुला शिकवलं. पाठ सरळ ठेव, खोली बघ, बोलू नकोस. गप्प बसायला मीच शिकवलं. तुझ्याकडे बोट दाखवून मी मोकळी कशी होऊ? आता वर्ष हातात आहे. जे शिकवलं ते काढून टाकायचं. दर सोमवारी बैठकीत सगळ्यांसमोर एकदा मला खोडून काढायचं. एकदा म्हणजे एकदा. चुकवायचं नाही."

"आणि तुमचं काही चुकलं नसेल तर?"

"शोध. मी माणूस आहे, सापडेल."

पहिल्या सोमवारी इव्हेटने हात वर केला आणि म्हणाली, की कॉफी फार पातळ आहे.

"हे खोडणं नाही, ही तक्रार," मिस व्हर्नेल म्हणाल्या. "पुढच्या वेळी."

दुसऱ्या सोमवारी तिने एक तारीख दुरुस्त केली, आणि तिला इतका घाम फुटला की शेजारच्याने खिडकी उघडली. हळूहळू जमायला लागलं. हिवाळ्यापर्यंत खात्यातली माणसं सोमवारची वाट बघायला लागली. कुणीतरी पैजासुद्धा लावायचं. फेब्रुवारीत इव्हेटने पंप बदलण्याचा एक बेत सगळ्यांसमोर मुळापासून चुकीचा ठरवला आणि वीस मिनिटं हटली नाही. मिस व्हर्नेलनी तो बेत मागे घेतला. त्या दिवशी गाडीत त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "खोलीत गप्प कोण होतं?"

"तुम्ही," इव्हेट म्हणाली. "शेवटची पाच मिनिटं."

"अंहं. मी ऐकत होते," मिस व्हर्नेल म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. घर येईपर्यंत त्या मनातल्या मनात हसत होत्या, असं इव्हेट अजून सांगते.

शिफारशीचं पत्र इव्हेटला पुढे बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळालं. एकच पान. त्यात तिच्या कामाबद्दल तीन वाक्यं होती आणि त्या रविवारबद्दल पाच. तारीख, वेळ, चाळीस मिनिटं, सगळं जिथल्या तिथे. शेवटी लिहिलं होतं: 'ती पुन्हा गप्प बसणार नाही. हे मला दिसून येते असे नव्हे. हे मी पाहिलं आहे.' परिषदेत सहा विरुद्ध तीन मतांनी इव्हेट संचालक झाली. विरोधातल्या तिघांपैकी एकाने त्याच पत्राचा आधार घेतला होता, आणि बाजूच्या सहांपैकी चौघांनीही.

इव्हेट आता त्रेपन्न वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत आता शांतता नसते. दर सोमवारच्या बैठकीत एका कनिष्ठाने तिला खोडून काढायचंच, ही पद्धत तिने बंद केली नाही. नव्या मुली भिंतीलगत बसत नाहीत, टेबलाशी बसतात. भाषणात कुणी विचारलं, तुमचं श्रेय कुणाला, तर ती लांबलचक काही सांगत नाही. "मला चूक करू दिली, आणि माझ्या चुकीची दारं माझ्याकडूनच ठोठावून घेतली," एवढं सांगते. रुफस गेले त्याला सहा वर्षं झाली. गुरुवारी आता बीन्स इव्हेट शिजवते, आणि मीठ कमी पडलं की तिला तसं सांगण्यात येतं.

चर्चमधला जुना नियम मात्र तसाच आहे. मागच्या ईस्टरला इव्हेट हळूच म्हणाली, "मिस व्हर्नेल, तुम्ही डावीकडे दोन जागा दाखवल्यात, तिथे तीन आहेत."

"ते तिकडे कचेरीत," मिस व्हर्नेल ओठ न हलवता म्हणाल्या. "इथे माझं दार आहे."

त्यांना आता त्र्याऐंशी वर्षं झाली आहेत. पहिल्या रविवारी त्या अजून पांढऱ्या पोशाखात डाव्या दाराशी उभ्या असतात. गुडघे दुखतात म्हणून मंडळाने तिथे त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली आहे, आणि त्या खुर्चीवर त्यांची पर्स असते.